सहीची वेळ

व्यापारी घरात सहीला मोठे मोल असते. कोऱ्या धनादेशावर सही करू नये, वाचल्यावाचून कोणाला जामीन राहू नये, माल मोजून घेतल्याखेरीज पोच देऊ नये, हे धडे पेढीवर बसणाऱ्या मुलाला मिसरूड फुटण्यापूर्वीच मिळतात. या नियमांनी अनेक घरे तारली आहेत. तथापि याच घरातील कर्ता पुरुष इस्पितळाच्या व्हरांड्यात उभा राहिला, की पुढ्यात आलेल्या कागदावर डोळे मिटून सही करतो. तेथे तो मजकूर वाचीत नाही, शंका विचारीत नाही, आणि आपली सही नेमकी कशाला दिली गेली हे त्याला कधी कधी वर्षानुवर्षे कळतही नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील एका पेठेच्या गावी हळद आणि गुळाची आडत करणारे एक जैन कुटुंब आहे. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. पेठेत त्यांना सारे अण्णा आणि वहिनी म्हणूनच ओळखतात. वहिनी माहेराहून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आल्या आणि सासरी आल्यापासून दुकानाची कीर्द-खतावणी त्यांच्याच हाती राहिली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमालीचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे रात्री देवदर्शन करून आल्यावर त्या लिहीत. दोन रुपयांचा मेळ बसला नाही तर झोपत नसत.

२०२१ च्या जानेवारीत त्यांना मासिक पाळीचा त्रास सुरू झाला. वय एक्केचाळीस. रक्तस्राव अधिक होई, थकवा येई. गावातील एका खासगी इस्पितळात सोनोग्राफी झाली. गर्भाशयात दोन सेंटिमीटरची एक तंतुगाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम संपलं. ठेवली तर पुढं कॅन्सरची भीती. काढून टाकू, कायमची कटकट जाईल."

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरात दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. वास्तविक अशा तंतुगाठीचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळ असते. अधिक रक्तस्रावावर आधी गोळ्या देऊन पाहतात, संप्रेरक सोडणारे साधन गर्भाशयात बसवितात, शंका असेल तर अस्तराचा नमुना तपासणीस पाठवितात. यांपैकी काहीही झाले नाही. सोनोग्राफीनंतर तिसऱ्या दिवशी वहिनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या. त्यांनी स्वतः सही केली होती ती गर्भाशय काढण्यासाठी.

शस्त्रक्रिया चालू असताना परिचारिका बाहेर आली. अण्णांच्या हाती तिने एक कागद दिला आणि म्हणाली, "आतमध्ये अंडाशयही खराब दिसतात. तेही काढावे लागतील. इथं सही करा." अण्णांनी विचारले ते एवढेच, "सही कुठं करायची?"

नवव्या दिवशी वहिनींच्या लक्षात आले की लघवी थेंबथेंब झिरपते आहे आणि थांबत नाही. इस्पितळात सांगितले, "होईल बरं." तीन आठवडे झाले, बरे झाले नाही. अखेर मोठ्या शहरातील मूत्रविकार-तज्ज्ञांकडे नेले. पहिल्या शस्त्रक्रियेत डाव्या बाजूच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती. मे महिन्यात दुसरी मोठी शस्त्रक्रिया करून ती मूत्राशयाला पुन्हा जोडावी लागली. त्या मधल्या काळात वहिनींनी मंदिरात जाणे सोडले, लग्नकार्ये सोडली, स्वयंपाकघरात पाऊल टाकणेही त्यांना नकोसे झाले. ज्या बाईच्या सोवळ्याओवळ्याचा घराला अभिमान होता, तिला आपल्याच अंगाची घृणा वाटू लागली.

मूत्रवाहिनी जोडली गेली. परंतु रात्री घामाने अंग भिजणे, झोप उडणे, सांधे धरणे, विनाकारण रडू येणे हे थांबेना. त्या तज्ज्ञांनी कागद चाळताना सहज विचारले, "अंडाशय का काढले होते?" वहिनींनी अण्णांकडे पाहिले. अंडाशय काढले आहेत हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते. अण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले.

पाळी नैसर्गिक रीतीने जाण्यापूर्वी दोन्ही अंडाशय काढले, तर स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचा पुरवठा एकाएकी तुटतो. दहा वर्षांनी यावयाचे वार्धक्य एका सकाळी येऊन उभे राहते. हाडे झिजतात, हृदयविकाराची शक्यता वाढते. म्हणून पंचेचाळिशीच्या आतील स्त्रीचे निरोगी अंडाशय सबळ कारणावाचून काढू नयेत, हा स्त्रीरोगशास्त्रातील सर्वसामान्य संकेत आहे.

तरीही घरात दीड वर्ष कोणी काही बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "पूर्वीच्या कर्माचा भोग होता, भोगून संपला." धाकटे दीर म्हणाले, "डॉक्टर आपलं गिऱ्हाईक, रोज तोंड दिसतं. पेठेत बोभाटा कशाला?" दशलक्षण पर्व आले. पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. अण्णा म्हणाले, "आपण साऱ्या जीवांची क्षमा मागतो आणि साऱ्यांना क्षमा करतो. मग डॉक्टरांवर वैर कशाला धरायचं?" वहिनी गप्प राहिल्या. खतावणी मात्र त्यांनी पुन्हा लिहावयास घेतली होती, आणि एक खाते त्यांच्या मनात उघडेच होते.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अण्णांची थोरली बहीण माहेरपणाला आली. अक्का माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. रात्री दोघी पडवीत बसल्या असता वहिनींनी प्रथमच सगळे सांगितले. अक्कांनी ऐकून घेतले आणि भावाला हाक मारली. अण्णांनी पुन्हा क्षमेचा विषय काढला. अक्का म्हणाल्या, "क्षमा मनातल्या वैराची करायची असते, अण्णा. हिशेब पुसण्याला क्षमा म्हणत नाहीत. दुकानातल्या दिवाणजीनं चुकून रक्कम उचलली तर तू त्याला क्षमा करशील, पण रक्कम खात्यावर लिहायची सोडशील का? आणि क्षमा करायची ती हिनं. तू कोण परस्पर करणारा?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी इस्पितळाकडे आपल्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मागितल्या. "कागद देण्याची पद्धत नाही," असे उत्तर मिळाले. वस्तुतः भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागणी केल्यास ती बहात्तर तासांच्या आत द्यावयाची असतात. अक्कांच्या सांगण्यावरून वहिनींनी लेखी अर्ज केला, त्यात हा नियम नमूद केला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इस्पितळाचा आवक शिक्का घेतला. तिसऱ्या दिवशी छायाप्रतींचा गठ्ठा हाती आला.

त्या रात्री वहिनींनी तो गठ्ठा दुकानाच्या चौपाईवर पसरला आणि वर्षअखेरीस पावत्या तपासाव्यात तसा तपासला. प्रत्येक कागदाला क्रमांक दिला, तारीख आणि वेळ बाजूला मांडली. पेशीविकृती अहवालात लिहिले होते की गर्भाशयात लहान तंतुगाठ आहे, कर्करोगाचे चिन्ह नाही, दोन्ही अंडाशय सर्वसामान्य आहेत. हा अहवाल कोणी त्यांना दाखविलाच नव्हता. भूलतज्ज्ञांच्या नोंदीत भूल दिल्याची वेळ होती दहा वाजून पंचावन्न मिनिटे. अंडाशय काढण्याच्या संमतिपत्रावरची वेळ होती अकरा वाजून पस्तीस. सही अण्णांची.

वहिनींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अण्णांना बोलाविले. आवाज न चढविता म्हणाल्या, "या वेळेला मी बेशुद्ध होते. माझ्या वतीनं तुम्ही सही केलीत. दीड वर्षात मला एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

अण्णा पुष्कळ वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, वाचलं होतं का म्हणून. वाचलं नव्हतं."

अण्णा आजवर क्षमेची भाषा का बोलत होते, ते त्या रात्री घराला समजले. त्यांना डॉक्टरांना नव्हे, स्वतःला वाचवायचे होते.

एवढे झाल्यावर प्रश्न उरला तो मार्गाचा. अशा प्रसंगी बहुतेक घरांत दोनच विचार येतात, पोलिसात जावे किंवा गप्प बसावे. कायद्यात याहून अधिक वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेचा उपयोग निराळा आहे.

पोलिसांची वाट सर्वांत अरुंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले की डॉक्टरवर फौजदारी खटला चालविण्यास साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा घोर असला पाहिजे. खासगी फिर्याद घेण्यापूर्वी दुसऱ्या सक्षम डॉक्टराचे विश्वसनीय मत समोर असावे, असेही न्यायालयाने सांगितले. चांगल्या डॉक्टरांना निर्भयपणे काम करता यावे यासाठी ही मर्यादा आवश्यकच आहे. दुसरी वाट राज्याच्या वैद्यक परिषदेची. तेथे डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी होते, ताकीद मिळू शकते, नोंदणी काही काळ स्थगित होऊ शकते. परंतु तेथून रुग्णाला भरपाई मिळत नाही.

भरपाईची वाट म्हणजे ग्राहक आयोग. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली येणारी सेवा आहे. त्यापूर्वी सामान्य माणसाला मुख्यतः दिवाणी दाव्याचेच दार होते, आणि दिवाणी दावा किती दीर्घ चालतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहून गेला आणि ती दगावली. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला तेव्हा १९९६ साल उजाडले होते. तेहेतीस वर्षे! त्या निकालाने मात्र एक गोष्ट पक्की केली, की सरकारी रुग्णालयातील निष्काळजीपणाची जबाबदारी शासनालाही टाळता येत नाही. ज्या सरकारी रुग्णालयात सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात तेथे ग्राहक कायदा लागू होत नाही, पण दिवाणी न्यायालयाचे दार उघडे असते.

आता लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्यानुसार रुग्ण जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, इस्पितळाच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. कोणत्या आयोगाकडे जावयाचे हे भरपाईच्या मागणीवर नव्हे, तर प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही. वकील देणे सक्तीचे नाही, रुग्ण स्वतः बाजू मांडू शकतो. मात्र मुदत दोन वर्षांची आहे. उशिराचे सबळ कारण दाखविल्यास आयोग तो माफ करू शकतो, परंतु त्या भरवशावर कोणी राहू नये. वहिनींच्या शस्त्रक्रियेला तेव्हा वीस महिने होऊन गेले होते.

वकील कोण द्यावा हा प्रश्न आला तेव्हा अक्का त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन गेल्या. धाकट्या दिरांना ते मानहानीचे वाटले. "आपण काय गरीब आहोत, सरकारी वकील घ्यायला?" अक्कांनी उत्तर दिले, "दान नव्हे, हक्क आहे." १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य विधी साहाय्यास पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, बालके, कामगार आणि ठरावीक मर्यादेच्या आतील उत्पन्न असणारे पुरुषही पात्र आहेत. तालुक्याच्या न्यायालयातही या प्राधिकरणाची समिती असते. १५१०० या क्रमांकावर विधी साहाय्याची आणि १९१५ या क्रमांकावर ग्राहकाच्या हक्कांची विचारपूस करता येते. वहिनींना प्राधिकरणाच्या यादीवरील एक महिला वकील मिळाल्या. त्यांनी गठ्ठा पाहून एकच वाक्य उच्चारले, "निम्मं काम तुम्ही करूनच आला आहात."

वकीलबाईंनी कायद्याची बाजू उलगडून सांगितली तेव्हा २००८ च्या एका निकालाचा उल्लेख झाला. दिल्लीतील चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री केवळ तपासणीसाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस सामोरी गेली होती. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आणि समर्थ असेल तर तिच्या देहाविषयीची संमती तिचीच असली पाहिजे, नातेवाइकाची संमती चालणार नाही. प्राण वा प्रकृती वाचविण्यासाठी तत्काळ करणे भाग असेल तेवढाच अपवाद. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू पडत नाही, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला पुरत नाही. रोग काय, उपचार काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे समजावून सांगितल्यानंतरच संमती ही संमती ठरते. त्या खटल्यात डॉक्टरांचा हेतू रुग्णाच्या हिताचाच होता असे न्यायालयाने मानले, तरी विनासंमती शस्त्रक्रियेबद्दल फी नाकारली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे होते.

गर्भाशयाचा प्रश्न एका घराचा नाही. बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ च्या जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळात देण्यात आली. त्यांत ऊसतोडणी करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. पाळीमुळे कामाचा खाडा पडू नये आणि मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायकांनी पिशवी काढून घेतली. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगढ येथील अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वे अंगीकारण्याचा आदेश दिला. फडातल्या मजूर बाईला दंडाची भीती दाखविली गेली, पेढीवरल्या शेठाणीला कॅन्सरची. पिशवीचे काम संपले, असे दोघींनाही सारखेच सांगितले गेले.

२०२३ च्या जानेवारीत, मुदतीला तीन आठवडे उरले असताना, तक्रार दाखल झाली. इस्पितळाने उत्तरात म्हटले की पतीची लेखी संमती होती. आता निर्णय अण्णांच्या हाती होता. दुसऱ्या कागदावर सही करताना आपण तो वाचला नव्हता, पत्नीला विचारण्याची संधी नव्हती आणि अंडाशय काढण्यामागची निकड कोणी सांगितली नव्हती, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी द्यावे असे वकीलबाईंनी सुचविले. ज्या माणसाचा शब्द पेठेत लाखाच्या मालाला पुरतो, त्याने न वाचता सही केल्याचे लेखी द्यावे, हे सोपे नव्हते. अण्णांनी आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी ते स्वतः वकीलबाईंच्या कार्यालयात गेले, मसुदा दोनदा वाचला, एक शब्द दुरुस्त करून घेतला आणि सही केली.

तज्ज्ञाचे मत मिळविणे हा अशा प्रकरणांतील कठीण घाट असतो, कारण एका डॉक्टरविरुद्ध लिहावयास दुसरा सहसा तयार होत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत आवश्यकच आहे असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलेले आहे. जेथे कागदच बोलतात तेथे कागद पुरतात. येथे आयोगाने प्रकरण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अभिप्रायासाठी पाठविले. समितीने लिहिले की गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा होणे हा ज्ञात धोका आहे, योग्य काळजी घेऊनही तो कधी कधी ओढवतो. मात्र औषधोपचार करून पाहिल्याची नोंद कागदपत्रांत नाही, आणि अंडाशय त्याच वेळी काढण्याची निकडही दिसत नाही.

२०२५ साली निकाल लागला. मूत्रवाहिनीच्या इजेबद्दलचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. वहिनींनी दोन वर्षे ज्या वेदनेचा जाब मागितला होता, तिला कायद्याने गुंतागुंत म्हटले, चूक म्हटले नाही. हे स्वीकारणे त्यांना जड गेले. पण अन्य उपाय न करता आणि ते न सांगता गर्भाशय काढणे, तसेच तिच्या संमतीवाचून अंडाशय काढणे, ही सेवेतील त्रुटी ठरली. साडेतीन लाख रुपये आणि त्यावरील व्याज मंजूर झाले. अपील झाले नाही. पैसे डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्यातून आले, हे कळल्यावर धाकटे दीर म्हणाले, "म्हणजे ट्रकमधला माल भिजला तर विमा कंपनी देते, तसंच की!" कोणाचे घर मोडले नाही, कोणाची पेठ बुडाली नाही. डॉक्टर आजही त्याच इस्पितळात बसतात आणि अण्णांच्याच दुकानातून हळद नेतात. दशलक्षण पर्वानंतरच्या क्षमावाणीच्या दिवशी वहिनींनी हात जोडले तेव्हा त्यांच्या मनात त्या डॉक्टरांचे नाव होते. त्याआधी तीन वर्षे त्यांना ते नाव घेता आले नव्हते. खाते लिहिले गेल्यानंतरच ते मिटवता आले.

रकमेने अंडाशय परत आले नाहीत. वहिनी आजही हाडांसाठी गोळ्या घेतात. म्हणून खरा उपाय निकालानंतरचा नव्हे, सहीपूर्वीचा आहे. तातडीचा प्रसंग नसेल तर संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घरी न्यावे. आधी औषधाने काय साधेल ते विचारावे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, चांगला डॉक्टर त्याने रुष्ट होत नाही. काढलेल्या अवयवाचा पेशीविकृती अहवाल मागून घ्यावा. प्रत्येक पावती, तपासणी, औषधाची चिठ्ठी एका धारिकेत तारखेवार लावावी. आणि काही बिघडलेच तर तोंडी भांडण न करता लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि दोन वर्षांची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. व्यापारी घराला यातले काहीच नवे नाही. नवे एवढेच, की हा नियम पेढीच्या उंबऱ्यापलीकडेही पाळायचा.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. वय अठ्ठ्याहत्तर. परिचारिकेने सवयीने कागद अण्णांपुढे धरला. अण्णांनी खिशातले पेन काढले, पण सही केली नाही. कागद आणि पेन दोन्ही आईच्या हाती दिले आणि नातवाला म्हणाले, "आजीला सगळं वाचून दाखव. हळू वाच." व्हरांड्यात दहा मिनिटे तो वाचत राहिला. सासूबाईंनी दोन शंका विचारल्या, डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांचे समाधान केले. मग त्या माउलीने थरथरत्या हाताने, संथपणे, आपले पूर्ण नाव लिहिले आणि नातवाला विचारले, "वेळ पण लिहायची असते ना रे खाली?"